पावणेसोळा तासांचा दिवस

ताबोर, मंगळवार, ३ सप्टेंबर २०१९

श्रीमती ब्लाझेना क्रुपोवा यांसी,

आपल्या कीटकशास्त्र संस्थेच्या साठाव्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेचा खर्डा माझ्याकडे तपासण्यासाठी आला आहे. त्याच्या सत्तेचाळीस ते एकावन्न या पानांवर आपला 'तिसऱ्या कक्षातील वसंत' हा लेख आहे. लेखात चुका आहेत. चाळीस वर्षांनंतर आपल्याला पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

आपण लिहिता की १९७९ साली आपल्या देशात उन्हाळी वेळ '८ एप्रिलच्या रविवारी' सुरू झाली. ती १ एप्रिलच्या रविवारी सुरू झाली. तारीखच अशी होती की अर्ध्या ताबोरला ती सरकारने केलेली थट्टा वाटली आणि सोमवारी अर्धे गाव कामावर एक तास उशिरा पोहोचले. हे आपण विसरलात, याचे मला आश्चर्य वाटते.

पुढे आपण लिहिता: 'त्या रविवारी सकाळी मी संस्थेत जाऊन तिन्ही कक्षांची घड्याळे स्वतः लावली.' रविवारी संस्थेला कुलूप असे. किल्ल्या दारावरच्या हुबाचकोवा बाईंच्या ॲप्रनच्या खिशात असत आणि तो ॲप्रन बाईंसकट सोबेस्लावला, त्यांच्या मुलीकडे जात असे. शिवाय ज्या कक्षांत आपण ढेकण्या, म्हणजे ते लाल किडे, पाळत असू, त्यांच्या घड्याळांना हात लावायचा नाही, हा आपलाच निर्णय होता. आपण तळघराच्या दारावर एक कार्ड चिकटवले होते: 'ढेकण्यांना मंत्रिमंडळाचा निर्णय लागू नाही. दाणापाणी नव्या वेळेप्रमाणे आठ वाजता.' पहिल्या वाक्यानंतर आपण पूर्णविराम दिला नव्हता. तो मी दिला.

तिसरी चूक मला सर्वांत जास्त खटकली. आपण लिहिता, 'थंडी पडू लागली की लाल ढेकण्या अंडी घालणे थांबवून सुप्तावस्थेत जातात.' हे विधान एखाद्या शाळकरी मुलीने केले असते, तर मी तिला खाली बसवले असते. लिंडनच्या झाडाखाली गोळा होणारे, पोरे ज्यांना 'शिपाई' म्हणतात ते लाल-काळे किडे थंडीची वाट पाहत नाहीत. ते दिवस मोजतात. आपल्या भागातल्या ढेकणीला पावणेसोळा तासांपेक्षा लांब दिवस मिळाला, तर ती अंडी घालते. त्याहून आखूड दिवस मिळाला, तर भर उन्हाळ्याच्या उबेतही ती अंडी घालत नाही आणि हिवाळ्याची तयारी करते. पंधरा तास उजेड दिला तर सुप्ती, सोळा तास दिला तर अंडी. ही पावणेसोळाची सीमा पाच वर्षे खपून कोणी शोधून काढली, हे मी आपल्याला सांगावे, ही विचित्रच परिस्थिती आहे.

तिसऱ्या कक्षात अंडी दिसली ती '१ मे' रोजी नव्हे. १ मे रोजी आपण सारे मिरवणुकीत होतो आणि आपल्या हातात फलकाची डावी काठी होती. अंडी सोमवारी, २३ एप्रिलला दिसली. चौकशी समिती '४ मे'ला नव्हे, १४ मेला बसली.

लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आपण म्हणता: 'प्रयोग माझ्या हातून बिघडला. डॉ. वोद्राझ्का यांनी आमचा संयुक्त निबंध मागे घेऊन शास्त्रज्ञाला शोभेल असा प्रामाणिकपणा दाखवला.' या परिच्छेदात व्याकरणाची चूक नाही. त्याविषयी मला अधिक काही लिहावयाचे नाही.

दुरुस्त्या ३० सप्टेंबरपर्यंत संचालक श्री. झोउबेक यांच्याकडे पोहोचल्या पाहिजेत. लेख आपला असल्यामुळे त्या आपल्या सहीनेच जाव्यात. समारंभ १२ ऑक्टोबरला आहे. मला एक पदक देणार आहेत, असे कळते.

आपला,
ओताकार वोद्राझ्का


ताबोर, सोमवार, १६ सप्टेंबर २०१९

श्रीमती क्रुपोवा यांसी,

आपले कार्ड मिळाले. टेल्चच्या चौकाचे चित्र सुरेख आहे, फक्त कमानी मोजल्या तर एक कापली गेली आहे. मागच्या बाजूला आपण दोनच वाक्ये लिहिली आहेत: 'आभारी आहे. सोमवारी, २ एप्रिलला मी कुठे होते, तेही लिहावे.'

आपण कुठे होता, हे आपल्यालाच ठाऊक असायला हवे. परंतु विचारले आहे, म्हणून नोंदवतो. शनिवारी, ३१ मार्चला टेल्चला आपल्या धाकट्या भावाचे लग्न होते. आपण शुक्रवारी दुपारच्या बसने गेलात. सोमवार आणि मंगळवार आपण रजेवर होता आणि बुधवारी, ४ एप्रिलला सकाळी आठ वाजता कामावर रुजू झालात. येताना लग्नातल्या गोड कोलाच पावांनी भरलेली टोपली आणली होती आणि त्यातील खसखशीचे माझ्या टेबलावर ठेवले होते. रजेच्या अर्जावर माझी सही आहे. अर्जात 'विवाह' हा शब्द आपण ठीक लिहिला होता.

तेव्हा लेखातील 'मी घड्याळे लावली' हे वाक्य रविवारी खरे नाही, सोमवारी नाही आणि मंगळवारीही नाही. ते वगळावे. 'घड्याळात बदल झाला' एवढेच म्हणणे पुरेसे होईल.

माझी बहीण मिलुशे गेली नऊ वर्षे माझ्याकडे राहते. टपालपेटीत पत्र टाकण्याचे काम तिच्याकडे आहे आणि पाकीट बंद करण्यापूर्वी पत्र वाचण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे. हे पत्र इथवर वाचून ती म्हणाली, "ओता, बदल झाला म्हणजे? पावसाने झाला का?" मी तिला सांगितले की वैज्ञानिक लेखनात अशी वाक्यरचना सर्वमान्य आहे. ती म्हणाली, "हो, आणि घरात मांजराने दूध सांडलं की तेही असंच बोलतं."

घड्याळाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण स्मरणिकेचे वाचक आजचे असतील आणि त्यांनी ते यंत्र पाहिलेले नसेल. प्रत्येक कक्षाच्या दाराबाहेर एक लोखंडी पेटी होती. आत चोवीस भोकांची चकती दिवसाला एक फेरी करत असे. चकतीत दोन पितळी खुंट्या: एकीने कक्षातले दिवे लागत, दुसरीने विझत. तिसऱ्या कक्षात पहिली खुंटी सातच्या भोकात होती आणि दुसरी रात्री दहाच्या. म्हणजे पंधरा तास उजेड. पेटीचे झाकण एका स्क्रूने बंद असे आणि त्या स्क्रूवर आपण नखांच्या लाल रंगाचा एक थेंब टाकत असा. झाकण कोणी उघडले, तर रंगाला तडा जावा, यासाठी. कार्यालयातल्या मुली म्हणत, क्रुपोवाची नखं पांढरी आणि स्क्रू लाल.

ज्या अर्थी साठ माद्यांपैकी बावन्न माद्यांनी अंडी घातली, त्या अर्थी पहिली खुंटी एका भोकाने मागे, सहावर सरकवली गेली असली पाहिजे आणि दुसरी जागची हलली नसली पाहिजे. पंधराचे सोळा झाले. एका तासाने सीमा ओलांडली गेली. हे माझे अनुमान आहे.

काल श्री. झोउबेक येऊन गेले. ते आपल्या काळानंतरचे. मनुष्य सज्जन आहे, पण 'च' फार वापरतो. पदकाच्या मानपत्रात 'वैज्ञानिक सचोटीचा आदर्श' असे शब्द असतील, असे त्यांनी सांगितले. आधार म्हणून आपल्या लेखातील शेवटचा परिच्छेदच उद्धृत करणार आहेत.

दुरुस्त्यांसाठी चौदा दिवस उरले आहेत.

आपला,
ओ. वोद्राझ्का


ताबोर, रविवार, २९ सप्टेंबर २०१९

श्रीमती ब्लाझेना यांसी,

आपले दुसरे कार्ड २० तारखेला मिळाले. त्यावर चारच शब्द होते: 'मग खुंटी कोणी सरकवली?'

उत्तर द्यायला मला नऊ दिवस लागले. मी रोज लिहायला बसत होतो. काल संत वाक्लावचा सण होता आणि टपाल बंद होते, ही सबब मी मिलुशेला दिली. ती म्हणाली, "सण एक दिवसाचा होता. उरलेले आठ दिवस कुठल्या संताचे होते?" रागाने नाही, बटाटे सोलता सोलता.

खुंटी मी सरकवली.

सोमवारी, २ एप्रिलला मी सातला पाच कमी असताना तळघरात उतरलो. त्या सकाळी मी संस्थेतील सगळी घड्याळे एक तास पुढे करत फिरलो होतो: ग्रंथालयातले, जेवणाच्या खोलीतले, जिन्यावरचे. कोणी सांगितले नव्हते. चुकीची वेळ दाखवणारे घड्याळ मला पाहवत नाही, हे आपल्याला माहीत आहे. दारावरचे कार्ड मी वाचले, त्यात पूर्णविराम घातला आणि आत काळोख पाहिला. माझ्या मनगटावर सात वाजले होते, चकतीवर सहा. मला वाटले, नव्या वेळेने सात ते दहा उजेड असावा. म्हणजे दोन्ही खुंट्या एकेक भोक मागे घ्यायच्या. दोन्ही सरकल्या असत्या, तर ढेकण्यांचा दिवस पंधरा तासांचाच राहिला असता आणि कोणाचेही काही बिघडले नसते. मी स्क्रू काढला. पहिली खुंटी सातमधून काढून सहात बसवली. दिवे लागले. तेवढ्यात हुबाचकोवा बाई जिन्यावरून ओरडल्या, "डॉक्टर, वर या, श्टेफ्लचा फोन आहे, आणि आज चक्क गोड बोलतोय."

श्टेफ्ल म्हणजे कर्मचारी विभागाचा प्रमुख. आपण त्याला 'कॉम्रेड पंचांग' म्हणत असा, कारण कोण कधी कुठे होते, हे त्याला पाठ असे. व्हिएन्नाच्या परिषदेला जाण्याची माझी परवानगी आली होती. अकरा वर्षे मी ती मागत होतो. मी खाली आलो, झाकण लावले, स्क्रू पिळला आणि दुसऱ्या खुंटीची मला आठवणही राहिली नाही. त्या दिवशी मी शिट्टी वाजवत होतो, असे हुबाचकोवा बाई नंतर कित्येकांना सांगत.

आपण बुधवारी आलात. कार्डावर लिहिल्याप्रमाणे नव्या वेळेने आठ वाजता दाणापाणी करू लागलात. आठ वाजता दिवे लागलेलेच असायला हवे होते आणि ते लागलेले होते. ते एक तास आधीपासून लागलेले आहेत, हे दिव्यांकडे पाहून कळायला काही मार्ग नव्हता. रात्री ते पूर्वीप्रमाणेच विझत होते. तीन आठवडे रोज सोळा तास. आपण काहीही विसरला नाहीत.

१४ मेला समितीने विचारले की घड्याळ कोणाच्या ताब्यात होते. आपण म्हणालात, "माझ्या." मी समोर बसलो होतो. त्या वेळी मी बोललो असतो, तर व्हिएन्ना गेले असते. मी बोललो नाही. ११ जूनला मी व्हिएन्नाला पोहोचलो, चार दिवस राहिलो आणि तिथल्या एका दुकानातून एक फाउंटन पेन विकत घेतले. आपल्याला लिहिलेली ही तिन्ही पत्रे त्याच पेनाने लिहिली आहेत. हे मला आत्ता, हे वाक्य लिहिताना लक्षात आले.

आपण टेल्चला परत गेलात आणि जॅमच्या कारखान्यात साखरेचे प्रमाण मोजू लागलात, हे मला दोन वर्षांनी कळले. तो जॅम आमच्या दुकानात मिळे. मिलुशे आणत असे. मी खात असे.

या पत्राची प्रत श्री. झोउबेक यांना उद्या सकाळी नेऊन देतो. उद्या शेवटचा दिवस आहे.

ओताकार वोद्राझ्का


ताबोर, शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०१९

ब्लाझेना,

हे पत्र पेन्सिलीने लिहीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

तुमचे पत्र सोमवारी आले. सात पाने, आणि एकही चूक नाही. मी दोनदा शोधली. पहिल्या पानावर जे लिहिले आहे, त्याची मला कल्पना नव्हती. खर्ड्यातल्या तारखा तुम्ही मुद्दाम चुकवल्या. '८ एप्रिल' हे जाणून लिहिले, 'रविवारी सकाळी' हे जाणून लिहिले आणि थंडीचे ते वाक्य तर मला संताप यावा म्हणूनच घातले. तुमचे शब्द असे आहेत: 'डॉक्टर, मी खरं लिहिलं असतं तर तुम्ही ते वाचून कपाटात ठेवलं असतं. चुकीचं लिहिलं म्हणून निदान पत्र तरी लिहिलंत.'

मिलुशेने विचारले, बातमी वाईट आहे का. मी म्हणालो की मला एखाद्या किड्यासारखे पिंजऱ्यात ठेवून दिवा लावून पाहिले आहे. ती म्हणाली, "मग? जागा झालास की नाही?"

तुम्हाला सगळे आधीपासून ठाऊक होते. स्क्रूवरचा रंग तडकलेला तुम्ही २३ एप्रिललाच पाहिला होता. समितीसमोर 'माझ्या ताब्यात' म्हणालात, तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहत होता, हेही मला आठवते, कारण तुमची नजर टाळायला मी कागदांकडे पाहत होतो. तुम्ही लिहिता की तुम्ही चूक कबूल केलीच नव्हती. विचारले त्याचे खरे उत्तर दिले आणि मी बोलेन म्हणून थांबलात. इतिवृत्तात 'दोष मान्य' असे लिहिले गेले. ते इतिवृत्त मी तपासले होते. त्यातले दोन स्वल्पविराम मी बदलले.

आणि शेवटच्या पानावर तुमचे वाक्य आहे: 'तुम्ही अजून एक तारीख दिली नाहीत.'

नाही. दिली नाही.

आधी झोउबेक यांचे सांगतो, मग तिकडे येतो. ३० सप्टेंबरला ते प्रागला गेले होते. चिठ्ठीसह पत्र त्यांच्या टेबलावर राहिले आणि त्यांनी ते दोन तारखेला वाचले. स्मरणिका तोवर छपाईला गेली होती. आयुष्यात प्रथमच मी उशीर केला आणि तो याच कामात केला. तुमचा लेख चुकीच्या तारखांसह, शेवटच्या परिच्छेदासह छापला गेला आहे. काल झोउबेक स्वतः आले. एका खुर्चीवर बसले, दुसरीवर टोपी ठेवली. म्हणाले, "डॉक्टर, पदकावर नाव कोरून झालंय. चाळीस वर्षांपूर्वीची पितळेची एक खुंटी, कोणाला आठवणार आहे? त्या बाईंनीच तुमची स्तुती लिहिलीय. परवा चार शब्द आभाराचे बोला, बसा, वाइन घ्या. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी माणसाने एवढं तरी स्वतःला द्यावं."

ते वाईट हेतूने बोलले नाहीत. मी त्यांना विचारले की आभाराच्या भाषणाला किती वेळ आहे. ते म्हणाले, पाच मिनिटे. मी म्हणालो, पुरे आहेत.

आता ती तारीख. पहिल्या पत्रात मी ती अंड्यांपुरती दिली होती, माझ्यापुरती नाही.

सोमवारी, २३ एप्रिल १९७९ रोजी सकाळी साडेआठला तुम्ही जिना धावत चढून माझ्या खोलीत आलात. दार वाजवले नाही. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, तिसऱ्यात अंडी आहेत. सगळीकडे अंडी आहेत." तुमच्या ॲप्रनला लिंडनच्या बिया चिकटल्या होत्या. मी म्हणालो, नोंदवह्या आणा, पाचही वर्षांच्या. तुम्ही त्या आणायला माळ्यावर गेलात आणि मी एकटा खाली उतरलो.

खाली जाईपर्यंत मला खरोखर काही सुचले नव्हते. पेटीसमोर उभा राहिलो, तेव्हा आठवले. मी झाकण उघडले. पहिली खुंटी सहावर होती, जशी मी ठेवली होती. वर तुमची पावले ऐकू येत होती. माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या: तुम्हाला हाक मारून ती खुंटी दाखवणे, किंवा न दाखवणे. दाखवली असती, तर तुमचा प्रयोग बिघडला नसता, तो सिद्ध झाला असता. पावणेसोळाच्या अलीकडे झोपणाऱ्या ढेकण्या एका तासाच्या फरकाने पलीकडे जाग्या झाल्या होत्या. याहून स्वच्छ पुरावा आपण ठरवून मिळवू शकलो नसतो. फक्त माझी एक चूक जाहीर झाली असती, आणि ती श्टेफ्लच्या कानावर गेली असती.

मी खुंटी काढली आणि परत सातवर ठेवली.

तुम्ही वह्या घेऊन आलात, स्क्रूकडे पाहिलेत, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "घड्याळ ठीक आहे." समितीने पेटी उघडली, तेव्हा पंधरा तासच निघाले. पंधरा तासांत अंडी, म्हणजे तुमची पाच वर्षांची सीमाच खोटी, असा निष्कर्ष निघाला. मला विचारले गेले, मी काय पाहिले. मी उत्तर दिले, "मी पाहिले तेव्हा खुंटी सातवर होती." ते वाक्य मी रात्रभर घोळवले होते. त्यात एकही शब्द खोटा नाही. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की शुद्ध वाक्य लिहायला शिकलात की विचार आपोआप शुद्ध होतो. ते खरे नाही, हे मला १४ मे १९७९ पासून माहीत होते, तरी पुढची बावीस वर्षे मी तेच शिकवत राहिलो.

संयुक्त निबंध मी मागे घेतला, कारण तो ठेवला असता, तर कोणीतरी पुन्हा पेटीकडे वळले असते. त्यालाच सचोटी म्हणतात, असे उद्या मानपत्रात वाचले जाईल. १९९१ साली दुसऱ्या देशातल्या दोघांनी पावणेसोळाची सीमा प्रसिद्ध केली. त्यांच्या संदर्भसूचीत तुमचे नाव नव्हते. असणार कुठून?

तुम्ही विचारता की मी हे आधी का सांगितले नाही. मी उत्तर शोधले. सबबीसारखे दिसणार नाही असे एकही सापडले नाही, म्हणून देत नाही.

मिलुशेने उद्यासाठी शर्टाला इस्त्री केली आहे आणि ती सोबत येणार आहे. पहिल्या रांगेत बसणार म्हणते. "पदक घेऊन घरी आलास," ती म्हणाली, "तर जेवण तुझं तू करायचं." तुम्ही यावे, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. समारंभ अकरा वाजता आहे. टेल्चहून येणारी बस दहा वाजून दहा मिनिटांनी पोहोचते. वेळापत्रक मी स्वतः पाहून आलो आहे.

आभाराच्या भाषणाऐवजी मी खालील यादी वाचणार आहे. प्रत तुम्हाला तपासण्यासाठी पाठवत आहे. पत्र वेळेत पोहोचावे, म्हणून मिलुशे ते टेल्चला जाणाऱ्या दुपारच्या बसच्या चालकाकडे देणार आहे. चूक आढळल्यास उद्या सभागृहात उभे राहून सांगावी. मी थांबेन.

तुमचा,
ओताकार


स्मरणिकेतील तारखांची दुरुस्ती (पाने ४७ ते ५१)

सोमवार, १२ मार्च १९७९. तिसऱ्या कक्षात पिल्ले ठेवली. दिवसमान पंधरा तास. खुंट्या ब्लाझेना क्रुपोवा यांनी लावल्या, अचूक लावल्या आणि स्क्रूवर लाल रंगाचा थेंब टाकला.

शनिवार, ३१ मार्च. क्रुपोवा टेल्च येथे भावाच्या लग्नात. ३ एप्रिलपर्यंत ताबोरमध्ये नव्हत्या.

रविवार, १ एप्रिल ('८ एप्रिल' नव्हे). उन्हाळी वेळ सुरू. संस्थेला कुलूप. कोणीही कोणत्याही घड्याळाला हात लावला नाही.

सोमवार, २ एप्रिल, सकाळी सात. मी, ओताकार वोद्राझ्का याने, पहिली खुंटी सहावर सरकवली. दुसरी विसरलो.

बुधवार, ४ एप्रिल. क्रुपोवा कामावर परतल्या.

सोमवार, २ एप्रिल ते सोमवार, २३ एप्रिल. तिसऱ्या कक्षातील प्रत्यक्ष दिवसमान सोळा तास. थंडीचा संबंध नाही, कक्षाचे तापमान बदलले नव्हते.

सोमवार, २३ एप्रिल ('१ मे' नव्हे), सकाळी साडेआठ. अंडी दिसली. साठ माद्यांपैकी बावन्न. सोळा तासांसाठी क्रुपोवा यांच्या आलेखाने वर्तवलेला आकडा एकावन्न ते त्रेपन्न.

त्याच दिवशी, पावणेनऊ. खुंटी परत सातवर. मी. कोणी पाहिले नाही.

सोमवार, १४ मे ('४ मे' नव्हे). समिती बसली. मी खोटे बोललो.

सोमवार, ११ जून ते गुरुवार, १४ जून. मी व्हिएन्नामध्ये.

बुधवार, २० जून. या दिवशी सकाळी दहा वाजता ब्लाझेना क्रुपोवा यांच्या प्रबंधाची जाहीर परीक्षा ठरली होती. ती झाली नाही. प्रबंध बरोबर होता.